नाताळचं गाणं नाताळलाच

नाताळच्या आदल्या संध्याकाळआधी आमच्या घरात कुणी ख्रिस्तजन्माचं गाणं नुसतं गुणगुणलं, तरी बाबा डोळे वटारायचे. नाताळआधीचे आगमनकाळाचे चार रविवार नुसती वाट पाहायची. तेव्हा गायची ती विनवणीची गाणी, प्रभूला 'ये' म्हणणारी. "पाहुणा अजून दारात नाही, आणि तुम्ही ताटं वाढून जेवायला बसता?" असं ते म्हणत.

पन्नास-बावन्न सालची गोष्ट. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत. बाकीचे रविवार उपासना आमच्याच बाहेरच्या खोलीत भरे. बाबा बायबलचं शास्त्र वाचत आणि मी पेटी वाजवी. मी वीस वर्षांची, आणि नियमांच्या बाबतीत बापाच्या वरताण. उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी दुकानदार मेणबत्त्या बांधून देताना हौसेनं "ख्रिसमस मुबारक, बहनजी" म्हणाला, तर त्यालाही मी सुनावलं, "अभी टाइम है!"

त्या वर्षी बाबांनी छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी उपासना मीच चालवली. धनी कुठल्या घटकेला येईल ते ठाऊक नाही, म्हणून दिवे लावून जागे राहा, हा उतारा मी अगदी खणखणीत वाचला. लोक पांगल्यावर पेटी बंद करत होते, तेवढ्यात बाबा आतून म्हणाले, "पोरी, ते जन्माचं गाणं म्हण ना. एकदाच."

मला हसू आलं. "बाबा, पाहुणा अजून दारात नाही. नाताळला म्हणू."

तेही हसले. "खरं आहे गं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चांगली जिरवली त्यांची, असं मला वाटलं.

गुरुवारी दुपारी बाबा गेले.

इतरांना जागे राहा म्हणून वाचून दाखवणारी मी माझ्याच घरात झोपले होते. पाहुणा दाराशी आलाय हे बाबांना कळलं असणार, नाहीतर त्यांनी स्वतःचाच नियम मोडला नसता. त्यांनी कधी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. तेवढंही मी दिलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

आता आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी मी पेटी काढते. नातवंडं म्हणतात, "आजी, नाताळ कुठे आलाय अजून?" मी जन्माच्या गाण्याची चारही कडवी म्हणते. ज्यांनी मागितलं होतं, त्यांना एकही ऐकवलं नाही.