कापलेल्या कंडेन्सरच्या दोन तारा

बाबा गेले आणि महिन्याभरात त्यांचा अ‍ॅम्प्लिफायरही बंद पडला. खापरखेड्याच्या कॉलनीत राहत असताना त्यांनी तो स्वतःच्या हातानं बांधला होता. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा. तापला की खोलीभर धुळीचा खरपूस वास सुटायचा. दुपारी जेवणं झाली की त्यावर जुन्या कॅसेट लागायच्या आणि आई खुर्चीतच झोपून जायची. आता तिची झोपच गेली. "मले काही नको, तेवढा सुरू करून दे," एवढंच तिचं म्हणणं.

झालं, मी उघडला. पहिल्या व्हॉल्व्हखालचा रेझिस्टर जळून कोळसा झालेला. त्याच्या जोडीला कंडेन्सर हवा, तर तिथं नुसत्या दोन तारा, मधला कंडेन्सर कापून काढलेला. मला रागच आला. एवढे नीटनेटके बाबा, अन् इथं हे अर्धवट काम? तो कंडेन्सर असला की आवाज मोठा, भरदार होतो, नसला की दबतो, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं!

दोन्ही आणायला जरीपटक्याच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणतो, "अब ये कौन लगाता है, ब्लूटूथ ले लो ना." ले लो म्हणे! त्याला दोन शब्द ऐकवूनच निघाले.

दोन्ही बसवून दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू केला. अहाहा, काय आवाज! तबला थेट छातीत वाजला. मी हरखून आईकडे पाहिलं, तर ती खुर्चीत ताठ बसलेली.

"हा तो आवाज नाही वं. काय लावलं तू?"

मी नवा कंडेन्सर दाखवला. ती हसायलाच लागली. "अवं, तो तर तुह्या बाबानं कापला होता, तू पाळण्यात होती तवा. गाणं आवडलं की मी आवाजाचं बटन पिळायची, अन् तू उठून भोकाड पसरायची. भांडून भांडून थकला, मंग कापूनच टाकला. म्हणे, आता पिळ किती पिळते ते!"

"मंग मी मोठी झाल्यावर काहून नाही लावला?"

"तोवर मलेच त्या दबक्या आवाजात झोप लागाले लागली होती ना."

मी प्लग काढला, पक्कड घेतली आणि कोराकरकरीत कंडेन्सर कापून टाकला. पुन्हा तीच कॅसेट लावली, बटन पार शेवटपर्यंत पिळलं.

"हां, हा तुह्या बाबाचा," आई डोळे मिटून म्हणाली. दुसरं कडवं यायच्या आत घोरायला लागली.

मला बाबांची इतकी आठवण आली की तिथंच फरशीवर बसून रडले. तोंडात पदर कोंबून, नाहीतर ती उठली असती.