पंखा कोन ओढे?

आमचे बाबा, माणिकराव, टपालखात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं घरोघर पोचवली, म्हणून की काय, इंग्रजी कादंबऱ्यांतली पत्रं त्यांना फार आवडतात. मी वाशीमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. संध्याकाळी अनसिंगच्या घरी ओसरीवर बसून मी कादंबरी मराठीत सांगत जाते आणि बाबा त्या परक्या पोरींच्या लग्नाची काळजी करतात. माझ्या लग्नाची एवढी केली नव्हती.

त्या दिवशी नायिकेच्या भावाचं हिंदुस्थानातून पत्र आलं. तो तिथे साहेब होता आणि त्याच्याच पैशावर हिचं लग्न ठरत होतं. ‘उकाडा भयंकर आहे, पण पंखा रात्रभर हलतो आणि मी छान झोपतो.’ नायिकेला हायसं वाटलं, गोष्ट पुढे निघाली.

“थांब,” बाबा म्हणाले. “पंखा कोन ओढे?”

“ते लिहिलं नाही.”

“काहून नाही? लाईट होती का तवा?”

बाबांचे पणजोबा वाशीमच्या एका साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढायचे. ते व्हरांड्यात बसत, दोरी भिंतीच्या भोकातून आत जाई. हात भरून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची. तिचा वळ मरेपर्यंत गेला नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

बाबा पुस्तकावर चिडले, मला माझाच राग आला. चार वर्षं ही कादंबरी शिकवताना मी तो पंखा आपोआप हलू दिला होता.

“सोमवारी वर्गात सांगते. त्यांचं नाव काय होतं?”

ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. घरात सगळे ‘पंखेवाले आबा’ म्हणत, एवढंच.

त्यानंतर त्यांना चैन पडेना. जेवता जेवता उठायचे, पेटीतले कागद उपसायचे. कागद माझ्या आजोबांपासून सुरू होत होते, त्यांत नावं फार तर त्यांच्या वडिलांपर्यंत, आणि आजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते. रविवारी मला घेऊन ते जीपने शेलूबाजारला गेले. तिथे त्यांची नव्वदी ओलांडलेली काकू, भागिरथा, लेकीकडे राहते.

“आजेसासऱ्याचं नाव सुनेनं घ्याव का?” ती म्हणाली. “माह्या सासूनं कदी घेतलं नाही, मले कुठून मालूम?”

साहेबाला नावाची गरज पडली नाही, सुनांनी मानापोटी ते घेतलं नाही आणि बाबांनी आपल्या वडिलांना कधी विचारलं नाही. हे शेवटचं त्यांना फार लागलं. “मी पुस्तकावर कायले चिडून राह्यलो?” परतताना ते दोनदा म्हणाले.

सोमवारी ते माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. मी पत्रातली ती ओळ वाचली आणि थांबले. कोणी न विचारताच बाबा उभे राहिले.

“असाच पंखा माह्या आज्याच्या बापानं ओढला. त्याचं नाव मले मालूम नाही.” शेजारच्या पोराच्या पुस्तकातल्या त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. “सापडेपर्यंत त्या जागी माहं लिहून ठेवा, पोरंहो. माणिकराव.”

वर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल घेतली आणि आधी माझ्या पुस्तकात लिहिलं.