नऊ ड्रम आणि शेषराव सर

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताची गोष्ट काढली की मी त्याला उभं करून पुरावा मागते. त्यामुळे गूढ अनुभवांच्या अशा सदरात आपण कधी लिहू, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं... पण गेल्या मे महिन्यापासून ही गोष्ट मनातून जात नाही. घरी सांगितली, तर नवरा म्हणाला, ‘तुला ऊन लागलं असेल.’ म्हणून इथे लिहितेय.

आमची शाळा नागपुरात, नंदनवनला. शाळेचा बँड शेषराव सरांनी उभा केला आणि निवृत्त होईपर्यंत सांभाळला. नऊ साइड ड्रम, सहा बिगुल, बाकी बासऱ्या आणि झांजा. नवीन मुलाला ते पहिले पंधरा दिवस काही वाजवूच देत नसत. आधी पुसायला शिका, मग वाजवा! पोरं कुरकुरायची, पण चिंचेने घासलेला बिगुल उन्हात चमकला की तीच पोरं सगळ्यांना दाखवत फिरायची. मी खूप शिक्षक पाहिले, पण वस्तूवर इतकी माया करणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

ते निवृत्त झाल्यावर बँड माझ्या गळ्यात पडला. किल्ल्या देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती.

“मॅडम, सुट्टी लागली का पह्यले ड्रमचे स्क्रू ढिले करा लागते. असेच ताणून ठेवसान त उन्हानं कातडं फाटन. वर्षभर आपल्यासाठी ताणून राह्यते थे, त्याले बी सुट्टी पाहिजे ना!”

प्रत्येक साइड ड्रमला सहा स्क्रू. प्रत्येक स्क्रू दीड आटा सोडायचा, ना कमी ना जास्त. त्यांनी माझ्याकडून करवून घेतलं होतं.

आणि मी काय केलं? निकालाच्या दिवशी मुलांनी बँड वाजवला. मला संध्याकाळची पुण्याची गाडी पकडायची होती, बहिणीकडे जायचं होतं. ड्रम ओळीने फळीवर ठेवले, खोलीला कुलूप ठोकलं, दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या... आणि निघाले. स्क्रू तसेच!

आठवलं ते थेट मे महिन्यातल्या एका मंगळवारी. दुपारी जेवताना टीव्हीवर नागपूरच्या उन्हाची बातमी लागली आणि मी भरल्या ताटावरून उठले. बँडच्या खोलीवर पत्रे आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं – आता ड्रम फाटले तर नवीन मिळणार नाहीत, बँड बंद, परेडला स्पीकर लावू. माझ्या एका विसराळूपणापायी तीस मुलांचा बँड जाणार होता. रडूच आलं मला. कुणाला सांगायची लाज वाटली, शाळेत फोनही केला नाही. तसाही काय उपयोग, किल्ल्या माझ्याच पर्समध्ये होत्या.

मिळालं त्या पहिल्या तिकिटाने शनिवारी सकाळी नागपूरला उतरले ती स्टेशनवरून तडक शाळेत. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं तर फरशीवर धुळीचा थर, त्यावर पावलाची एक खूण नाही. पहिला ड्रम घेतला. कातडं शाबूत! स्क्रूला हात लावला तर तो सैल. मला वाटलं, चला, निदान एक तरी आपण ढिला केला होता. दुसरा... तोही सैल. मी मुद्दाम एकेक आटा मोजत गेले. आठही ड्रमचा प्रत्येक स्क्रू बरोबर दीड आटा सोडलेला. ओळीतला शेवटचा, नववा ड्रम मात्र ताणलेलाच होता. त्याचं कातडं मधोमध फाटलं होतं.

रविवारी मी मौद्याला गेले. शेषराव सर तिथे मुलाकडे राहतात. हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो. मला माझी चूक कबूल करायची होती, आठ ड्रमांचं काही बोलायचं नव्हतं. पण मी तोंड उघडायच्या आधीच त्यांची सून शोभा मला बाजूला घेऊन म्हणाली,

“बरं झालं तुम्ही आल्या. मंगळवारी दुपारी बाबांचं काय झालं मालूम नाही जी. डावा हात असा हवेत फिरून राहिला होता, चिमटीत काही धरल्यासारखा. सहा खेपा फिरे, मंग थांबे. मंग हात जरा बाजूले सरकवत अन् पुन्हा सहा खेपा.”

मी विचारलं, “किती वेळ चाललं असं?”

“बराच वेळ. मले वाटलं, झटकाच येऊन राहिला. मी भेली अन् हात गच्च धरून ठेवला. पुरं होऊच देल्लं नाही. त बाबा एवढे चिडले... लहान लेकरासारखे रडले.”

मी सरांच्या खाटेजवळ जाऊन बसले. एक शब्दही बोलले नव्हते अजून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डावा हात कसाबसा उचलला आणि एक बोट वर केलं. एकच. मग त्याच हाताने स्वतःचा कान धरला.

मी त्यांचा हात कानावरून काढून माझ्या कपाळाला लावला आणि ढसाढसा रडले. चूक माझी होती हो!

पंधरा ऑगस्टला आमचा बँड आठ ड्रमांवर वाजला. त्याचं शूटिंग मी सरांना नेऊन दाखवलं, तर डाव्या हाताने गादीवर ताल धरला त्यांनी. नवव्या ड्रमला नंतर नवीन कातडं बसवून घेतलं. आता सुट्टी लागली की घरी जायच्या आधी मी ड्रम ढिले करते, आणि सुरुवात नवव्यापासून करते.