कुंडलचा एक श्रोता

जुना संगणक सुरू केला की तापलेल्या धुळीचा एक वास येतो, आणि त्या वासाने मला कऱ्हाडजवळच्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. तिथे आम्ही मल्टिकास्टचा प्रयोग करत होतो. सरांचं व्याख्यान इंटरनेटवर एकदाच सोडायचं आणि जे कॉलेज मागेल त्याच्याकडेच त्याची प्रत जायची. कुणीच मागितलं नाही तर ते आमच्याच राउटरवर थांबायचं. निवृत्तीला आलेले सर त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बोलत होते. पाच कॉलेजांनी सामील होतो म्हणून पत्रं पाठवली होती. पत्रं पाठवण्यात ती कधीच मागे नसत. माझ्या पडद्यावर मात्र जोडलेल्यांचा आकडा शून्य होता. चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांना मी ते हळूच सांगितलं. मामा कुंडलचे, घरी ऊस; पाटाचं पाणी सरीसरीत वळवायचं, म्हणजे दारं धरायचं, काम अंगवळणी पडलेलं. म्हणाले, "आवं सायेब, दारं धरायला मानूसच न्हाई तर सरीत पानी जाईल कसं? मी बसतो की." शेजारच्या वर्गातल्या संगणकावर मी त्यांना जोडून दिलं आणि आकडा एक झाला. मामा तासभर जागचे हलले नाहीत. व्याख्यान संपल्यावर सरांनी घाम पुसत विचारलं, "किती जण होते?" "एक," मी म्हणालो. "कुठून?" "कुंडलहून." सरांनी रुमालाची घडी घातली. "बरं. मग उद्या जरा सावकाश सांगतो." आता मीही ऑनलाइन शिकवतो. पडद्यावर चाळीस नावं असतात, चेहरा एकही नसतो. मी मात्र सावकाशच सांगतो.