तांदळात लिहिलेलं नाव

नाव हे माणसाचं प्रारब्ध असतं, असं आमची आई म्हणे. तिनेच आमच्या म्हशीचं नाव चपला ठेवलं होतं आणि त्या म्हशीला पाण्यातून उठवायला चार माणसं लागत. तरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझं लग्न ठरलं तेव्हा आई सिद्धांतावर ठाम होती: सुनेचं नाव बदलायचं. नवं नाव, देवीचं, चार अक्षरी, तिने आधीच काढून ठेवलं होतं.

मुलगी ख्रिस्ती. नाशिकचीच, अस्सल मराठी, नाव रूथ. आईने महिनाभर अबोला धरून मग होकार दिला. मुलीने होकार दिला तो एका अटीवर: नाव बदलणार नाही. ही अट मी आईच्या कानावर घालायची होती. मी योग्य वेळेची वाट बघत होतो.

ती वेळ आली तेव्हा माझ्यापुढे तांदूळ पसरलेलं ताट होतं, नाव लिहायला हातात अंगठी होती, आणि पंचवटीहून आलेले गुरुजी लग्नाच्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "नामकरण म्हणजे वधूचा पुनर्जन्म!" वधू पहिल्याच जन्मातून माझ्याकडे बघत होती.

"लिही की रे," आई म्हणाली.

"आई, तिचं आहे तेच राहू दे ना."

"तेच? तोंडात धरवत नाय ते. अर्थ तरी काय त्याचा?"

मला माहीत नव्हता. प्रेमात पडलेला माणूस शब्दकोश उघडत नाही.

"सोबतीण, असं म्हणतात," रूथच म्हणाली. "बायबलमधल्या एका सुनेचं नाव आहे."

सून म्हटल्यावर बायका खुर्च्या ओढत जवळ आल्या.

"घरातले पुरुष गेले. सासू म्हणाली, पोरी, तू आता माहेरी जा. ही गेलीच नाही. म्हणाली, तुम्ही जाल तिथं मी येणार. मग सासूच्या गावी जाऊन सरवा वेचला आणि तिला खाऊ घातलं."

कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणं म्हणजे काय, हे आमच्या मळेकरी घरात कुणाला समजावावं लागलं नाही.

"सुनेने वेचला?" आईने थोरल्या वहिनीकडे पाहिलं. वहिनी पंख्याकडे बघत होती.

"आणि नवरा कुठं व्हता गं तिचा?" आत्याने विचारलं.

"तो आधीच वारला होता."

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. गुरुजींनी घाईघाईने माझ्यावर अक्षता टाकल्या.

"त्याचं जाऊ दे," आई म्हणाली. "सून गेली नाय ना? लिही रे, तेच लिही."

मी लिहिलं. दोनच अक्षरं, आई विचार बदलण्याआधी संपली.

पुढे मी त्या गोष्टीबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की अर्थाबद्दल पंडितांचं एकमत नाही, ती बाई इस्राएलची नव्हतीच, आणि नंतर सासूनेच जुळवाजुळव करून तिचं दुसरं लग्न लावलं. हा शेवटचा भाग रूथने त्या दिवशी गाळला, हा तिचा माझ्यावरचा पहिला उपकार.

आईने मात्र गोष्ट मनावर घेतली. आठवड्याने आम्ही महाबळेश्वरला निघालो, तर तिची पिशवी भरलेली.

"एवढ्या लांब पोरीला एकटीला कशी धाडू?"

"एकटीला?" मी विचारलं.

तिने मला स्वेटर घ्यायला सांगितलं. एसटीत तिघांचं बाक मिळालं, खिडकी आईला.

त्या मधुचंद्राचे सगळे फोटो रूथने काढलेत. त्यांत मी आणि आई आहोत.