धाकट्याचं खिमट

आई तापानं गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ जेमतेम चालायला लागलेला. वडील कर्जतला मिशनच्या शाळेत मास्तर. वर्ष सरायच्या आत त्यांनी पुणतांब्याकडची नवी आई आणली. आत्या शेजारच्याच घरात राहायची. लग्नानंतर लगेच तिनं मला कोपऱ्यात घेतलं. ‘‘तिच्या हातचं बघून खा. पोराला तर जपच. सावत्र हाय ती.’’

तेव्हापासून मी बघायलाच लागले. पीठ मळताना नवी आई पाठमोरी का बसते, कालवणात पुन्हा मीठ का टाकते. जेवणाआधी वडील प्रार्थना म्हणायचे तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी एक उघडा ठेवायची. भाऊ तर वाळत चालला होता. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं पुढं. त्याच्यासाठी चुलीच्या कडेला वेगळं पातेलं असायचं, वर ताटली झाकलेली. आम्हाला भाकरी, त्याला मात्र त्यातलंच. हे आत्याला सांगितलं, तशी ती दुपारी त्याला घरी नेऊन शेंगदाणे, गूळ, शिळी भाकरी, असेल ते भरवू लागली. संध्याकाळपासून त्याला जुलाब व्हायचे. माझा संशय पक्का झाला.

एकदा नवी आई पाण्याला गेलेली पाहून मी ताटली उचलली. आत तांदूळ-मुगाचं मऊ खिमट, सुंठीच्या वासाचं. बोट बुडवून चाटते न चाटते तोच ती दारात.

मला वाटलं, आता मार बसणार. तिनं डोक्यावरचा हंडा उतरवला, तेच खिमट वाटीत घेतलं आणि माझ्यासमोर बसून खाल्लं. मग म्हणाली, ‘‘उद्यापासनं तूच शिजव. मी लांब बसून सांगते. फक्त दुपारचं त्याला कुठं धाडू नको.’’

यातही काही डाव असेल म्हणून मी डाळ पुन्हा पुन्हा धुतली. ती उंबऱ्याशी बसून सांगायची, पाणी वाढव, जाळ कमी कर. दुपारी मी भावाला मांडीवर झोपवायची; त्याला न्यायला आलेली आत्या तशीच परत जायची. हळूहळू जुलाब थांबले. सुगीपर्यंत तो गल्लीत पळू लागला.

बहिणीच्या हातचं मिळालं म्हणून पोर जगलं, असं आत्या सगळ्यांना सांगायची. नवी आई तिथंच धान्य निवडत बसलेली असायची. आत्याकडचं खाणं सुटलं म्हणून जुलाब थांबले, हे का सांगत नाहीस, असं मी तिला विचारलं.

‘‘तुझ्या आत्याचा जीव हाय त्याच्यावर,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांचं येणं बंद व्हाया नको.’’

ती खरंच एवढंच म्हणते आहे, की यातही काही डाव आहे, हे शोधत मी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले.