रबराची मूठ

त्या दिवशी वट्यावर आमचे मालक हुते, धाकले दीर हुते, शेटचा ड्रायव्हर हुता. मी चुलीपशी, दाराच्या आत.

मालक म्हंजी माझा नवरा. बेलापुरात एका कांद्याच्या शेटकडं गनमॅन हुते. शेट कुठंबी निघाला की हे गाडीत म्होरं बसायचे. घर त्याच्यावरच चालायचं. रिव्हॉल्वर शेटच्या बापाच्या येळचं, लई जड. गोळी सुटली की असा धक्का बसायचा, हात खांद्यापतूर झिनझिनायचा. मी मिठाच्या पोटलीनं मनगट शेकायचे.

रिव्हॉल्वरची जुनी मूठ तडकली म्हनून शेटनं ड्रायव्हरच्या हाती दोन नव्या धाडल्या. एक काळ्या रबराची, जाड. दुसरी शिसवी, बारीक, आरशावानी चकचकीत.

मालकांनी दोनी बसवून बघितल्या. रबराची हातात गच्च बसली. म्हनले, "हिनं धक्का कमी लागंल."

दीर हसले. "दादा, सायकलची मूठ दिसती की. घंटी बी बसवून घ्या!"

ड्रायव्हर खी खी करायला लागला.

मी आतनं म्हनले, "भावजी, मनगट त्यांचं ठनकतंय, तुमचं न्हाई."

"वयनी, लग्नाकार्यात कंबरंला दिसतं हे. लोक काय म्हनतेन?"

मालकांनी पेचकस उचलला. लाकडाची बसवली. रबराची माझ्याकडं दिली, "ठिव कुठंतरी."

मग खंडेनवमी आली. आमच्यात विळा, कोयता, जे हत्यार असंल ते तेल लावून पुजत्यात. मालकांनी गोळ्या काढल्या, नळीसंगं मुठीलाबी गोडंतेल चोळलं, कुकू लावलं, झेंडू वाह्यला. लाकूड लई झळकत हुतं.

दसरा झाल्यावर शेटनं मळ्यात नेम धरायला बोलीवलं. मालकांनी मूठ फडक्यानं पुसली, पर फटीत तेल ऱ्हायलं हुतं, वरून ऊन, हाताला घाम. पैल्याच गोळीला मूठ हातात फिरली. घोडा अंगठ्याच्या बेचक्यात घुसला अन् नळी उसळून उजव्या डोळ्यावर बसली.

नगरच्या डॉक्टरनं डोळा काढला. शेट एकदा केळी घिऊन आला, बसला, गेला. मग त्याच्या गाडीत दुसरा मानूस दिसाया लागला. मी भांडायला निघाले तर मालकच म्हनले, "एका डोळ्याचा गनमॅन कोन ठिवतंय? बस खाली."

मी त्याच शेटच्या वखारीत कांदा निवडायला जाते. दीर येत्यात, वट्यावर बसत्यात. आता चेष्टा करीत न्हाईत.

रबराची मूठ पत्र्याच्या डब्यात हाय. मालक कवामवा मागून घेत्यात, हातात दाबून धरत्यात, परत देत्यात.

हे वाचनारानं एवढं करावं. घरात कुनाकडं असलं हत्यार असंल तर हाताला बसंल तीच मूठ लावायला सांगा, कुनी हसलं तर हसू द्या. अन् खंडेनवमीला फूल वाहा, पर मुठीला तेल लावू नका.